हवा कुठून शिरते

आमच्या घरी झोताचा टब आला तेव्हा तो उतरवायला सहा माणसं लागली आणि बघायला त्याच्या चौपट जमली. आमच्या सौंदड गावात घरोघरी बोअर आहे, मोटार आहे, वरच्या टाकीतून नळाला पाणी येतं. पण अंघोळीसाठी माणसानं आडवं पडायचं आणि पाण्यानं त्याच्या अंगाला धक्के मारायचे, हा प्रकार कुणी पाहिला नव्हता. शेजारच्या काकूंनी टबात हात घालून भोकं मोजली आणि एवढी भोकं असून पाणी गळत कसं नाही, असं मला विचारलं. मी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत केली, त्यामुळे उत्तर येत नसलं तरी द्यायची सवय आहे. मी सांगितलं, यातून पाणी बाहेर जात नाही, आत येतं. उत्तर बरोबर होतं, हे मला रात्री टबाबरोबर आलेली पुस्तिका वाचून कळलं.

टब चैनीसाठी आला नव्हता. आमचे हे पंपाचे मिस्त्री. रस्त्याच्या कडेला यांचं दुकान; आसपासच्या गावांतल्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, जेवढ्या मोटारी चालतात त्यातल्या निम्म्या तरी यांच्या हाताखालून गेलेल्या. बेअरिंग किती झिजलंय ते हे बोट लावून सांगायचे. त्या माणसाला भाद्रपदात लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि बोलणंही गेलं. पायानं महिन्याभरात थोडी साथ दिली, काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाऊ लागले. पण उजव्या हाताची मूठ जी वळली ती उघडेना. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता, "हाव", म्हणजे आमच्याकडचं 'हो'. भूक लागली तरी हाव, राग आला तरी हाव, नको असलं तरी हाव. कुठला हाव कशाचा ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात जे काही परत येणार ते पहिल्या काही महिन्यांतच येईल, नंतर मूठ तशीच आखडून राहील. तिथे व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, कोमट पाण्यात हात सैल पडतो, आणि वाहत्या पाण्याचा मार तळहाताला बसला तर आणखी चांगलं. हे वाक्य मी फोनवर हैदराबादच्या आमच्या मुलाला सांगितलं, आणि पंधरा दिवसांत टेम्पो दारात उभा. मुलगा यांच्यासारखाच आहे, बोलण्यापेक्षा वस्तू आणून ठेवणारा.

पहिले तीन दिवस टब छान चालला. टबातल्या सहाही तोंडांतून पाणी असं जोरात निघायचं की यांची मूठ एका तोंडासमोर धरली की हात मागे ढकलला जायचा. मी शेजारी स्टूल टाकून बसायची आणि ती मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी अंगठा बाहेर आला. बाकीची चार बोटं आतच होती, पण अंगठा स्वतःहून बाहेर आला आणि पाण्यात हलला. दोघांनीही तो बघितला. मी रडले, खोटं कशाला सांगू. हे म्हणाले, "हाव."

चौथ्या दिवशी मी एक उद्योग केला. मला कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेतलं पृथ्वीच्या गोलाचं स्टँडसुद्धा मी एकदा सोडवून परत बसवलं होतं. टबाच्या बाजूची फळी काढली की आत पंप दिसतो. टबाच्या तळाशी एक जाळी आहे, तिथून पाणी पंपात येतं, पंप ते ढकलतो आणि सहा तोंडांतून परत टबात सोडतो. म्हणजे तेच ते पाणी गोल फिरत राहतं. पंपाला जिथे येणारा पाइप जोडलेला आहे तिथे हातानं फिरवता येईल असं जाड प्लॅस्टिकचं आटे असलेलं कडं आहे. टब रिकामा होता, विजेचं बटण बंद होतं. मी कडं फिरवलं, सांधा उघडला, आतली रबराची काळी रिंग काढली, उजेडात नीट बघावी म्हणून अंगणात नेली. अंगणात ताडपत्रीवर नवं धान वाळत घातलं होतं. तिच्या कडेवर रिंग ठेवली, चष्मा आणला, रिंग उलटसुलट बघितली, यात बघण्यासारखं काही नाही अशी खात्री करून घेतली आणि परत नेऊन बसवली. कडं घट्ट केलं, फळी लावली. हे तेव्हा अंगणातल्या खाटेवर झोपलेले होते, निदान मला तसं वाटलं. हा प्रकार मी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी टब खोकू लागला.

पाणी निघायचं, मध्येच फुसकन हवा निघायची, परत थोडं पाणी. पंपाचा आवाज बदलला. आधी एकसुरी गुणगुण होती, आता डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड. पाण्याला जोर राहिला नाही. मी मूठ तोंडासमोर धरली तर पाणी नुसतं गुदगुल्या करून जाई. हे टबात बसले होते, त्यांनी मान तिरपी केली आणि ऐकलं. दुकानात मोटार चालू करून जशी मान तिरपी करायचे तशीच. मग डावा हात पाण्याबाहेर काढला आणि दोन बोटं ओठांशी नेली.

बिडी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिडीचं आणि माझं वैर लग्नाइतकंच जुनं आहे. मी सालेकशाकडची, तेंदूपत्त्याच्या मुलखातली; लहानपणी पानांचे पुडे बांधून बोटं काळी केली आहेत. त्या पानाचं पुढे काय होतं आणि ते माणसाचं काय करतं हे मला कुणी शिकवायला नको. यांच्या कानावर कायम एक बिडी अडकवलेली असायची. डॉक्टरांनी लकव्याचं कारण सांगताना पहिला शब्द तोच उच्चारला होता, आणि त्याच संध्याकाळी मी दुकानातले, खिशातले, देवळीतले बिड्यांचे सगळे कट्टे चुलीत घातले होते. एवढं होऊन हा माणूस टबात बसून बिडी मागतो! मी म्हटलं, "डॉक्टरनं काय सांगतलं होतं? काऊन मांगता?" आणि तोंड फिरवून टॉवेल आणायला गेले.

हवा कुठून येते, हा प्रश्न मात्र मला सोडेना.

खरं तर या टबात हवा यायलाच हवी असते. काठावर एक खुंटी आहे, ती फिरवली की झोतात थोडी हवा मिसळते आणि पाणी अंगाला बुडबुड्यांसकट लागतं. म्हणून आधी मी ती खुंटी पूर्ण बंद केली. खोकला तसाच. म्हणजे हवा खुंटीतून येत नव्हती. मग पुस्तिकेत लिहिलं होतं की पाणी कमी असेल तर वरची तोंडं उघडी पडतात. मी पाणी चार बोटं वाढवलं, इतकं की हे आत बसताच न्हाणीभर पूर आला. खोकला तसाच. पुढे आठवलं की गॅसच्या सिलिंडरला गळती बघायला आपण साबणाचा फेस लावतो. जिथून गॅस निघतो तिथे फुगे येतात. मी फळी काढून सगळ्या सांध्यांना फेस लावला, पंप चालू केला, चष्मा पुसून पुसून बघितलं. एकही फुगा नाही. मी निष्कर्ष काढला की सांधे सगळे ठीक आहेत. मुलांना मी वर्षानुवर्षं निष्कर्ष काढायला शिकवलं, त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

या सगळ्या प्रयोगांत हे बाजूला खुर्चीवर बसलेले असायचे. रोज एकदा तरी दोन बोटं ओठांशी जायची. मी रोज तोंड फिरवायची. चेहऱ्यावर जो हाव असायचा तो मला हट्टाचा वाटायचा. अंगठा परत आत गेला होता.

कंपनीचा माणूस नागपूरहून आला. स्वच्छ कपडे, पिशवीत चकचकीत हत्यारं. त्यानं पुढच्या सगळ्या पाइपांना, म्हणजे पंपातून टबाकडे जाणाऱ्या सांध्यांना, पांढरा लेप लावला आणि दोन तोंडं बदलली. दुपार होती, टब रात्रीपासून रिकामा होता, पंपाखालची जमीन कोरडी ठणठणीत. टब भरलेला असला की पंपाखाली थोडी ओल येते हे मी पाहिलं होतं, पण न्हाणीत ओल नसणार तर कुठे असणार, म्हणून मी बोलले नाही. आणि सांधा मी उघडला होता हे तर मुळीच बोलले नाही. त्यानं विचारलं होतं, "किसीने खोला तो नहीं ना?" मी त्याच्या तोंडावर सांगितलं, इथे कोण खोलणार. खुर्चीवरून एक हाव ऐकू आला, जरा मोठा. मी लक्ष दिलं नाही. जाताना तो म्हणाला, मशीन में कुछ नहीं है, आपका पानी खारा है. टब दोन दिवस जरा बरा चालल्यासारखा वाटला आणि परत खोकू लागला.

आता मला आमच्याकडचा इलाज आठवला. बांधीवरचा पंप पाणी धरेनासा झाला की शेतकरी दुसरं काही बघत नाही, ओंजळभर शेण घेतो आणि विहिरीतून येणाऱ्या पाइपच्या सांध्यावर थापतो. शेण फटीत बसतं, पंप पाणी धरतो, तेवढ्यावर हंगाम निघून जातो. यांना याची चीड होती. दुकानात येणारा प्रत्येक पंप आधी शेण खरवडून मग उघडावा लागायचा आणि हे आलेल्या माणसाला शिव्या घालायचे. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं. तरीही मी शेजारच्या गोठ्यातून घमेलंभर ताजं शेण आणलं, त्यात राख कालवली आणि हस्तिदंती रंगाच्या टबाच्या पंपाचे सगळे सांधे लिंपून काढले. हे खुर्चीवरून हाव, हाव म्हणत राहिले. ते नाही असं म्हणत आहेत, हे मला कळत होतं. पण मी ऐकणाऱ्यातली असते तर गोष्ट इथवर आलीच नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टब भरला, यांना बसवलं, पंप चालू केला. खोकला गेला! पाण्याला पूर्वीचा जोर आला. मी मूठ धरली, पाणी त्यावर आदळायला लागलं आणि मला आपल्या बुद्धीचं कौतुक वाटायला लागलं. चहा होईल एवढा वेळ गेला असेल. मग पाण्याला हिरवट झाक दिसली. मग गवताच्या काड्या दिसल्या. मग सहाच्या सहा तोंडांतून पातळ शेण यांच्या पाठीवर, पोटावर, काखेत उडू लागलं. मी बटण बंद करेपर्यंत हे मानेपर्यंत शेणकाल्यात बसले होते.

आणि हे हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूनं वाकडं होत होतं, पण हसणं तेच जुनं, पोटातून येणारं, थांबता न थांबणारं. मी आधी रागावले, मग मीही हसले, मग दोघांनाही अंघोळ लागली.

हसण्याच्या भरात मी एक मोठी चूक केली. पाण्याचा पाइप लावून पंप, सांधे, जमीन सगळं धुऊन काढलं. यांना आतल्या खोलीत बसवून आले होते, तिथून हे काठीनं दार वाजवत होते. मला वाटलं, थंडी वाजत असेल. रात्री पडल्या पडल्या डोक्यात उजेड पडला. शेण आत कसं गेलं? पंपाच्या पुढे पाणी जोरानं बाहेर ढकललं जातं, तिथल्या फटीतून पाणीच उडेल. मागे मात्र पंप ओढत असतो. तिथे फट असली तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. माझ्या साबणाला फुगे आले नाहीत ते यामुळे. हवा निघत नव्हती, शिरत होती. कंपनीच्या माणसानं सगळा लेप पुढे लावला होता, आणि हवा मागे शिरत होती. कुठल्या सांध्यावरचं शेण ओढलं गेलं एवढं नुसतं डोळ्यांनी बघितलं असतं तर सांधा सापडला असता. आणि मी बघण्याआधीच सगळं धुऊन टाकलं होतं. मागे सांधे बरेच होते, आणि मी स्वतः घट्ट केलेला तो नक्कीच नसणार, अशी मी मनाची समजूत घातली. हे काठी वाजवत होते ते त्यासाठी.

शेणाचा प्रकार मी मुलाला फोनवर सांगितला होता; सकाळी त्याचा फोन आला. त्याला टब परत पाठवायचा होता. कंपनी घ्यायला तयार झाली होती, शनिवारी टेम्पो येणार होता. आई, तू शेण लावलंस हे मी त्यांना सांगितलेलं नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू नव्हतं. वडिलांना गोंदियाला नेऊन ठेवू, तिथे रोज व्यायाम होईल, असं त्याचं म्हणणं होतं. हे गोंदियाला दोन दिवससुद्धा राहणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. गेला तेवढा वेळ गेला होता, आणि मूठ होती तिथेच होती. त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी आमच्याच भागातल्या प्रतापगडाकडचा एक म्हातारा शेतकरी भेटायला आला. यांचं जुनं गिऱ्हाईक. धान निघालं की नव्या तांदळाची पिशवी घेऊन दरवर्षी दुकानात यायचा. या वर्षी दुकान बंद, म्हणून घरी आला. त्याला टब बघायचा होता. मी पाणी भरलेलंच होतं, पंप चालू करून दाखवला, आणि अर्थातच तो खोकला. यांनी मान तिरपी केली. दोन बोटं ओठांशी गेली. मी सवयीनं तोंड फिरवलं आणि चहा टाकायला निघाले.

मागून म्हातारा म्हणाला, "वयनी, थांबा जरा. मिस्तरी बिडी प्यायसाठी नाई मांगून राहिले."

मी वळले. यांची बोटं ओठांवर नव्हती. ती आता पंपाकडे होती, आणि हवेत पाइपावरून फिरावीत तशी हळूहळू सरकत होती.

"तुमी पुरा इशारा पाहून नाई राहिल्या," म्हातारा म्हणाला. "थे धुरानं हवा पाहू म्हणून राहिले. माह्या विहिरीवर असंच करे."

मग त्यानं सांगितलं ते असं: पंप हवा घेतो म्हटलं की मिस्त्री बिडी पेटवायचे आणि ती तोंडात न धरता पाइपाच्या एकेका सांध्याजवळ धरायचे. ज्या सांध्यापाशी धूर वर न जाता आत वळला, तिथे बोट ठेवून मोकळे व्हायचे. पाच मिनिटांचं काम. शेतात दुसरा कुठला धूर मिळणार?

मी यांना विचारलं, "एवढे दिवस पंपासाठी मांगत होते?"

"हाव," हे म्हणाले. तो कुठला हाव होता ते ओळखायला चेहरा बघावा लागला नाही. मला इतकी लाज वाटली की चहा टाकायचा राहूनच गेला. रोज तो इशारा अर्धा माझ्यासमोर व्हायचा आणि अर्धा माझ्या पाठीमागे.

म्हाताऱ्यानं कानावरची बिडी काढली, पेटवली आणि यांच्या डाव्या हातात दिली. आम्ही यांना पंपाशेजारी बुटक्या स्टुलावर बसवलं. मी बिडीवर नजर ठेवून होते, पण ती ओठांकडे गेली नाही. पुढच्या सांध्यांवर धूर सरळ वर गेला. पंपाच्या मागे, जाळीकडून येणाऱ्या पाइपावर, तिथेही वर गेला. मग बिडी पंपाच्या तोंडाशी असलेल्या त्या जाड कड्याजवळ आली. धूर थांबला, वाकला आणि दोऱ्यासारखा बारीक होऊन कड्याच्या फटीत शिरला. यांनी बिडी दूर नेली, परत आणली. परत तेच. तिसऱ्यांदा आणली तोवर टबातल्या बुडबुड्यांना बिडीचा वास यायला लागला होता. म्हातारा टबाच्या काठावर वाकून वास घेत म्हणाला, पाणी बिडी पिऊन राहिलं. यांनी माझ्याकडे बघितलं.

ते कडं कुणी उघडलं होतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

बटण बंद केलं, टब रिकामा केला, मी खाली बसले आणि पूर्वी फिरवलं होतं तसंच कडं फिरवलं. रबराची रिंग काढली. रिंगच्या आतल्या कडेला, खाचेत आडवं, धानाचं एक तूस चिकटलं होतं. नखाएवढंही नाही. अंगणातल्या ताडपत्रीवरून आलेलं. तेवढ्या फटीतून पंप बंद असताना ओल झिरपत होती आणि चालू झाला की हवा शिरत होती, पंप खोकत होता, आणि एका माणसाची मूठ उघडायची थांबली होती. नागपूरचा माणूस, मुलगा, पाण्याचा खारेपणा, कुणाचाच त्यात दोष नव्हता.

ते तूस बोटाच्या टोकावर घेऊन मी यांना म्हटलं, "मीच उघडलं होतं. तुम्ही झोपले होते तेव्हा."

"हाव," हे म्हणाले. ते झोपलेले नव्हते. खाटेवरून त्यांनी सगळं बघितलं होतं, रिंग धानावर ठेवताना, चष्मा आणताना, परत नेताना. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं हवा कुठून शिरते ते. त्यांनी रोज सांगितलंही होतं.

मी रिंग धुतली, खाच कापडानं पुसली, ओल्या बोटानं रिंग बसवली, कडं घट्ट केलं. टब परत भरायला अर्धा तास लागला. पंप चालू केला. तो एकसुरी गुणगुणला. मी मुलाला फोन करून टेम्पो रद्द करायला सांगितला. पंप दुरुस्त कुणी केला, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी. तुसाचं मात्र मी त्याला सांगितलं नाही, नागपूरच्या माणसालाही नाही. ते आज पहिल्यांदा इथे सांगते आहे.

नंतर केव्हातरी देवासमोर बसले असताना मला सुचलं की धुरासाठी अगरबत्तीही चालली असती. घरात ती रोज लागते. यांना हे सुचलं नसेल असं मी मानणार नाही. पण अगरबत्तीचा इशारा त्यांनी एकदाही केला नव्हता. मी त्यांना तसं विचारलंही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

टब त्या दिवसापासून खोकला नाही. अंगठा आठवड्याभरात परत बाहेर आला, मग तर्जनी, मग बरेच दिवस काहीच नाही. मी धीर सोडला की यांनी मान हलवायची आणि यांनी सोडला की मी ओरडायची, असं चाललं. व्यायामाच्या मुलीनं बोटांत धरायला पेन्सिल द्या म्हणून सांगितलं. यांनी पेन्सिल टाकून दिली, खडू टाकून दिला. शेवटी मीच किराणा दुकानातून एक कट्टा आणला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि रोज सकाळी त्यातली एक न पेटवलेली बिडी यांच्या उजव्या हाताच्या बोटांत ठेवू लागले. ती त्यांनी टाकली नाही. आगपेटी मी माझ्या बटव्यात ठेवते.

होळी होऊन गेल्यावर एक शेतकरी बैलगाडीतून पंप घेऊन दारात आला. उन्हाळी धान लावलेलं, पंप पाणी धरत नव्हता. सांध्यावर शेण थापलेलं होतंच. आम्ही खुर्ची अंगणात ठेवली, यांना बसवलं, पाण्याचं पिंप भरलं, पंप जोडला, चालू केला. यांनी मान तिरपी केली. मग हात वर आला आणि दोन बोटं ओठांशी गेली.

या वेळी मी तोंड फिरवलं नाही. इशारा पुरा होऊ द्यायचा हे मी शिकले होते. आता बोटं पंपाकडे जातील म्हणून मी थांबले. शेतकरीही थांबला. बोटं पंपाकडे गेली नाहीत. ती ओठांशीच राहिली आणि हे माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हात उजवा आहे.

डोळे पुसायला मला पदर शोधावा लागला. मग मी म्हटलं, "बिडी पंपासाठी आहे की तुमच्यासाठी?"

"हाव," हे म्हणाले.

मी बटव्यातून आगपेटी काढली, कट्ट्यातली बिडी पेटवली आणि सांध्यांशी धरायला शेतकऱ्याच्या हातात दिली.